अर्धं तिकीट कुणाचं, हे पैसे भरण्याआधी सांगा

प्रति,
पर्यटन संचालनालय, एसटी महामंडळ, रेल्वे प्रशासन, आणि महाराष्ट्रात तिकीट लावून चालणाऱ्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाचे, करमणूक उद्यानाचे व वॉटर पार्कचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तेरा वर्षांची एक मुलगी घ्या. उंची १४२ सेंटिमीटर. मुंबईच्या लोकलमध्ये तिला पूर्ण तिकीट लागतं, कारण तिथे बाराव्या वर्षी बालपण संपतं. एसटीत तिला अर्धंच तिकीट लागतं, पण ते लहान म्हणून नाही, महिला सवलतीतून. वेरूळच्या लेण्यांवर तिला तिकीटच नाही, कारण पुरातत्त्व खात्याच्या लेखी ती अजून लहान आहे. वॉटर पार्कच्या फाटकावर तिचं वय कुणी विचारत नाही. तिला पट्टीपाशी उभं करतात आणि मोठ्यांचं तिकीट लावतात. आता तिला जुळा भाऊ आहे असं धरा. बाकी सगळीकडे दोघांचा हिशेब सारखा, एसटीत मात्र तो पूर्ण तिकिटाचा.

हे सगळे नियम आपापल्या जागी योग्य असतील. लेण्यांसाठी १५ वर्षं आणि रेल्वेसाठी १२ वर्षं का, यावर आम्ही वाद घालणार नाही. आमचं म्हणणं एवढंच की कुटुंबाच्या सहलीत मुलांच्या तिकिटावर वाया जाणारे पैसे बहुतेक वेळा नियम उशिरा कळल्यामुळे जातात. पैसे भरून झाल्यावर कळतं की या पोराला तिकीटच लागत नव्हतं, किंवा त्याला अर्धं चाललं असतं, किंवा ऑनलाइन काढलेलं अर्धं फाटकावर चालत नाही. कुटुंबांच्या सहलींचं नियोजन करून देताना हे हिशेब आम्ही रोज मांडतो. ते इथे उघड मांडतो आहोत, म्हणजे आपल्याला दुरुस्त्या करता येतील आणि तोवर पालकांनाही वापरता येतील.

सुरुवात रेल्वेपासून, कारण तिथली रक्कम सगळ्यांत मोठी.

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बाराच्या आत असलेल्या मुलासाठी दोन वाटा आहेत: स्वतंत्र बर्थ घेतला तर मोठ्यांएवढं पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. २१ एप्रिल २०१६ पासून हा नियम लागू आहे. त्याआधी अर्ध्या भाड्यात पूर्ण बर्थ मिळायचा, आणि पुष्कळ आजी-आजोबांच्या डोक्यात अजून तोच जुना नियम बसलेला असतो. 'लहान आहे, अर्धंच लागेल' म्हणत ते बर्थ निवडतात आणि पूर्ण भाडं जातं.

ऑनलाइन आरक्षणात मुलाचं वय ५ ते ११ टाकलं की बर्थ हवा की नको हा पर्याय पुढे येतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, सकाळी आठला आरक्षण उघडल्यावर, जागा संपायच्या घाईत तो पर्याय नजरेतून निसटतो. त्याहून मोठी चूक चार वर्षांच्या मुलाची होते. त्याचं नाव बर्थ न घेणाऱ्या बाळांच्या वेगळ्या रकान्यात टाकायचं असतं. पालक ते सरळ प्रवाशांच्या यादीत टाकतात, त्याला बर्थ दिला जातो आणि पूर्ण भाडं आकारलं जातं. ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेने खुलासा केला होता की पाच वर्षांखालच्या मुलासाठी तिकीट घेणं ऐच्छिक आहे, बर्थ हवा असेल तरच पैसे. खुलासा बरोबर होता. पण तो बातम्यांत आला, आणि तिकीट काढणारा माणूस त्या क्षणी बातमी वाचत नसतो, अर्ज भरत असतो.

म्हणून रेल्वेला पहिली विनंती: बर्थच्या पर्यायासमोर रुपये दाखवा. 'बर्थसह १,०००, बर्थशिवाय ५००' असे दोन आकडे शेजारी दिसले की कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि वय पाचाच्या खाली टाकल्याबरोबर, पुढच्या पानावर जाण्याआधीच, 'या मुलाला तिकीट लागत नाही, तरी बर्थ हवा आहे का?' असा प्रश्न मराठीत आणि हिंदीत यावा.

पालकांसाठी इथला हिशेब असा. दोन मोठे, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, आणि समजण्यासाठी भाडं माणशी १,००० रुपये धरू. चौघांनाही बर्थ घेतले तर ४,०००. दोन्ही मुलं बर्थशिवाय तर ३,०००. रात्रीच्या प्रवासाला मात्र आम्ही मधली वाट सुचवतो: तीन बर्थ आणि एक अर्धं तिकीट, म्हणजे ३,५००. दोन्ही मुलं एका खालच्या बर्थवर डोकं-पाय उलटसुलट करून झोपतात, आणि मोठ्यांपैकी कुणाला रात्रभर बसून राहावं लागत नाही. मूल नऊ-दहाच्या पुढे गेलं आणि प्रवास आठ-दहा तासांहून लांबला की बर्थ वाचवण्यात अर्थ उरत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच चिडचिड होते आणि सहलीचा एक दिवस झोपेत जातो. दिवसाच्या चार-पाच तासांच्या प्रवासाला अर्धं तिकीट निःशंक घ्यावं. फक्त नुसत्या बसण्याच्या डब्याचं तिकीट काढत असाल तर तिथे बर्थशिवायचा पर्याय निवडता येतो आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा.

आणखी एक खर्च फुकट जातो. सहाजणांपर्यंत एकाच तिकिटावर आरक्षण होतं. ऑनलाइन सुविधा शुल्क तिकिटागणिक लागतं, माणशी नाही: वातानुकूलित नसलेल्या वर्गाला १५ रुपये, वातानुकूलितला ३०, आणि यूपीआयने भरलं तर अनुक्रमे १० आणि २०, वर जीएसटी. आईवडिलांचं एक तिकीट आणि 'पोरांचं नंतर बघू' म्हणून दुसरं, असं केलं की हे शुल्क दोनदा बसतं. पण खरा तोटा शुल्काचा नाही. आधीच्या तिकिटात नंतर प्रवासी वाढवता येत नाही, आणि दुसऱ्या तिकिटाचा डबा वेगळा आला की सहा वर्षांचं पोर एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला.

आता एसटी. इथे नियम उदार आहेत, म्हणूनच ते नीट सांगायला हवेत. पाच वर्षांपर्यंत मोफत, पाच ते बारा अर्धं. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत. पूर्ण तिकीट १०० रुपयांचं धरलं तर वडील १००, आई ५०, आठ वर्षांचा मुलगा ५०, तेरा वर्षांची मुलगी ५०, आजी ५०, ७६ वर्षांचे आजोबा शून्य. सहा माणसं ३०० रुपयांत. याच घरात तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी असती तर ३५०.  खासगी बसमध्ये मुलाला सीट घेतली की बहुधा पूर्ण पैसे मोजावे लागतात. तिथे अर्ध्या तिकिटाची अपेक्षा ठेवूच नये.

गडबड दोन जागी होते. पहिली, ऑनलाइन आरक्षणात प्रत्येक प्रवाशापुढे सवलतीचा प्रकार निवडावा लागतो. तो निवडायचा राहिला तर पूर्ण तिकीट निघतं. आईचं बरोबर निवडलं जातं आणि मुलीचं राहून जातं, कारण 'महिला' हा शब्द वाचून बारा वर्षांच्या मुलीचा विचार कुणी करत नाही. दुसरी, महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला जाताना हद्दीपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण पैसे लागतात. वाहक ते तिकिटात बरोबर धरतो, पण प्रवाशाला ते बसमध्ये चढल्यावर कळतं, आणि मग दारातच वाद सुरू होतो. वाहकाचा त्यात काहीच दोष नसतो. आंतरराज्य गाड्यांच्या फलाटावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलं तर वाहकांचा आणि प्रवाशांचा, दोघांचाही त्रास वाचेल.

महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, आणि मुलांना अर्ध्या दरात. योजना उत्तम आहे. पण हल्ली तो घरातल्या सगळ्यांना सरसकट परवडतोच असं नाही. आई, आजी आणि मुलं अर्ध्या तिकिटावर फिरत असतील तर पासाची किंमत प्रत्येकाच्या प्रत्यक्ष तिकिटांच्या बेरजेशी ताडून बघावी लागते. बऱ्याच कुटुंबांत फक्त वडिलांचा पास आणि बाकीच्यांची साधी तिकिटं, हा मेळ स्वस्त पडतो. पास देणाऱ्या खिडकीवर हा सल्ला मिळाला तर लोकांचा एसटीवरचा विश्वास वाढेल. आणि शाळांच्या सहलींना महामंडळ ५० टक्के सवलतीने गाडी देतं, हे अजूनही सगळ्या शाळांपर्यंत पोहोचलेलं नाही.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. वेरूळ, अजिंठा, घारापुरी या जागतिक वारसास्थळांना भारतीय प्रौढाला खिडकीवर ४० रुपये आणि ऑनलाइन ३५. कार्ले-भाजे, कान्हेरी, दौलताबाद, बीबी का मकबरा अशा ठिकाणी २५ आणि ऑनलाइन २०. म्हणजे ऑनलाइन तिकीट काढलं तर आईवडील आणि दोन मुलं वेरूळला ७० रुपयांत आत जातात. मुलांचं तिकीट काढावंच लागत नाही, म्हणून इतर संकेतस्थळांवर 'बाल प्रवेशिका' विकायला दिसली तर ती घेऊ नये. खात्याच्या स्वतःच्या तिकीट व्यवस्थेतच जावं.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक मोठी गोष्ट इथे आहे. परदेशी नागरिकाला वेरूळला ६०० रुपये लागतात. पण ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) आहे त्यांना स्मारकं, राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं आणि संग्रहालयं इथे भारतीयांचाच दर लागू आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेत तसं स्पष्ट आहे. अमेरिकेहून आलेली मावशी पासपोर्ट दाखवते आणि ६०० भरते, कारण कार्ड घरी कपाटात असतं. कार्ड बरोबर ठेवा, निदान त्याचा फोटो तरी. मुलांबाबत मात्र हा प्रश्नच येत नाही. पंधरापर्यंतचं मूल कुठल्याही देशाचं असलं तरी स्मारकात मोफत.

पर्यटन संचालनालयाला इथे एक सांगायचं आहे. स्मारकाचा प्रवेश स्वस्त असतो, वाटेतले बाकीचे पैसे कुणी सांगत नाही. अजिंठ्याला गाडी टी-पॉइंटवर ठेवावी लागते आणि पुढचे सुमारे ४ किलोमीटर बसने जावं लागतं. त्या बसचं तिकीट वेगळं. घारापुरीला लेण्यांच्या तिकिटापेक्षा गेटवेवरच्या बोटीचे पैसे कितीतरी जास्त. कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत, म्हणून आधी उद्यानाचं तिकीट आणि मग लेण्यांचं, आणि मूल कुणाला म्हणायचं हे दोन्ही फाटकं आपापल्या नियमाने ठरवतात. पालकाला हवा असतो तो घरापासून लेण्यापर्यंतचा एकूण आकडा, मोठ्यांचा आणि मुलांचा वेगळा. तो एका जागी, एका ओळीत लिहा. त्याच ओळीत सुट्टीचा वारही लिहा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. चुकीच्या वारी पोहोचलेल्या कुटुंबाचं जेवढं नुकसान होतं तेवढं कुठल्याही पूर्ण तिकिटाने होत नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं कुटुंब तिकीट ही राज्यातली एक चांगली कल्पना आहे. २०१७ मध्ये महापालिकेने दर ठरवले तेव्हा प्रौढाला ५०, मुलाला २५, आणि आईवडील व दोन मुलांच्या कुटुंबाला १०० रुपये असे ठेवले. सुटी तिकिटं घेतली तर १५०, कुटुंब तिकिटाने १००. रांगेत उभं राहिल्यावर 'दोन मोठे, दोन लहान' असं न म्हणता 'एक फॅमिली' म्हणावं, नाहीतर खिडकीवरचा माणूस गर्दीत सुटी तिकिटं फाडून देतो.

पण हाच हिशेब एकट्या आईसाठी करून पाहा. ती दोन मुलांना घेऊन आली तर ५० अधिक २५ अधिक २५, म्हणजे १००. चौघांच्या कुटुंबाला जेवढे पैसे, तेवढेच तिघांना. वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी आहेत, किंवा नाहीत, किंवा रविवारीही कामावर आहेत, त्या घराला सवलतीचा एक रुपयाही मिळत नाही.  खासगी उद्यानांच्या 'दोन अधिक दोन' पॅकेजमध्ये हीच अडचण आहे. आमची कळकळीची विनंती आहे की कुटुंब तिकीट मुलांवरून ठरवा: निदान एक मोठा आणि त्याच्याबरोबर दोन किंवा तीन मुलं, असा एक प्रकार ठेवा. मोठी माणसं किती आली यावरून कुटुंब ठरवलं की ज्यांना सवलतीची सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

आता वॉटर पार्क आणि करमणूक उद्यानं. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण एका तिकिटामागे शेकड्यांचा फरक पडतो आणि सगळ्यांत जास्त भांडणं इथल्याच फाटकांवर होतात.

बहुतेक ठिकाणी तिकीट उंचीवर आहे. साधारण ८५ सेंटिमीटरच्या खाली मोफत, तिथून १४० सेंटिमीटरच्या आसपास मुलाचं, वर मोठ्यांचं. हा 'आसपास' हीच सगळी अडचण. कुठे १४० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, कुठे ४ फूट ६ इंच. ४ फूट ६ इंच म्हणजे १३७ सेंटिमीटर. १३८ सेंटिमीटरची मुलगी एका उद्यानात लहान आणि दुसऱ्यात मोठी. आणि एखाद्या फलकावर '४.६ फूट' असं छापलं असेल तर गोंधळ आणखी वाढतो: दशांशाने ४.६ फूट म्हणजे १४० सेंटिमीटर, आणि लिहिणाऱ्याच्या मनात असतात ४ फूट ६ इंच. तीन सेंटिमीटरचा हा फरक नुसत्या एका टिंबाने पडतो. दहा-अकरा वर्षांची पुष्कळ मुलं नेमकी याच पट्ट्यात असतात. सेंटिमीटर लिहा, फक्त सेंटिमीटर. ही सुधारणा करायला एका रंगाऱ्याचा दिवसही लागत नाही.

मोजण्याची रीतही ठरवून द्या. बूट-चपलांनी दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात. वर बांधलेला अंबाडा किंवा टोपी असली तर पट्टीची आडवी फळी तिच्यावरच टेकते. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो, कारण दिवसभराच्या भाराने मणक्यांमधल्या चकत्या दबतात. आणि उद्यानं सकाळीच उघडतात. त्यामुळे आदल्या रात्री घरी मोजून १३९ आलेलं मूल फाटकावर १४० भरतं आणि पालकांना वाटतं की पट्टीच खोटी आहे. अनवाणी, केस मोकळे, टाचा जमिनीला टेकलेल्या, नजर समोर, एवढं पट्टीशेजारी चित्रासह लावलं आणि तिथल्या माणसाला तसंच मोजायला सांगितलं, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

पालकांनी घरी मोजताना भिंतीऐवजी दाराची चौकट वापरावी. भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची पट्टी बाहेर आलेली असते, टाचा तिला अडतात आणि पाठ भिंतीला टेकत नाही. मग मूल जरा मागे झुकतं आणि मोजमाप चुकतं. सकाळी उठल्या उठल्या मोजा. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून त्याची एक कड चौकटीला काटकोनात टेकवा, पेन्सिलीने खूण करा आणि लोखंडी टेपने जमिनीपासून मोजा. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, तिच्यावर भरवसा नको. मूल सीमेच्या एका सेंटिमीटरच्या आत असेल तर तिकीट ऑनलाइन काढण्याआधी त्या उद्यानाला फोन करून एकच प्रश्न विचारा: 'फाटकावर उंची जास्त भरली तर फरक कुठल्या दराने घेता?'

कारण खरं नुकसान याच प्रश्नात आहे. ऑनलाइन दर स्वस्त असतो, फाटकावरचा महाग. मुलाचं तिकीट ऑनलाइन काढलं आणि फाटकावर ते मोठं ठरलं, तर फरक काही ठिकाणी फाटकावरच्या दराने घेतला जातो. उलट, वय अकरा म्हणून पालकांनी घाबरून मोठ्यांचं तिकीट काढलं आणि मूल निघालं १३५ सेंटिमीटरचं, तर जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. दोन्हीकडून तोटा पालकाचाच. उद्यानांच्या व्यवस्थापकांनो, आमची मागणी सरळ आहे: ज्या दिवशी तिकीट काढलं त्या दिवशीच्या ऑनलाइन दरानेच फरक घ्या, आणि उंची कमी भरली तर तसाच फरक परत करा. ज्यांना मोठ्यांचं तिकीट लावता त्यांना मोठ्यांचे सगळे पाळणे आणि घसरगुंड्या मिळतील का, हेही तिकीट देतानाच सांगा. सुरक्षेची उंची वेगळी असणं योग्यच आहे, तिथे तडजोड नको. पण मोठ्यांचे पैसे भरून आत गेलेलं मूल पहिल्याच मोठ्या राइडपाशी परत पाठवलं जातं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

मेट्रोचं थोडक्यात. मोठ्यांबरोबरचं ९० सेंटिमीटरपेक्षा बुटकं मूल मोफत, त्याहून उंच असलं की पूर्ण तिकीट. अर्धं तिकीट हा प्रकारच नाही. मुंबईत २अ आणि ७ या मार्गिकांवर बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना मे २०२३ पासून २५ टक्के सवलत आहे. पुण्यात विद्यार्थ्यांना ३० टक्के, आणि शनिवार-रविवारी सगळ्यांनाच ३० टक्के सवलत जाहीर झाली.

विमानात देशांतर्गत प्रवासाला मुलांच्या तिकिटावर फारसं वाचत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की सीट घ्यावीच लागते आणि ती जवळपास मोठ्यांच्याच दराने. बाळ जाताना दोनच्या आत आणि परतताना दोनच्या पुढे असेल तर परतीची सीट आधीच घ्या. वाचतं ते दुसरीकडे. एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना बजावलं की एकाच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावरच्या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी जागा द्यायलाच हवी. तरीही 'मूल लांब बसलं तर?' या भीतीने पालक प्रत्येक सीटचे वेगळे पैसे भरतात. सगळ्यांचं आरक्षण एकाच पीएनआरवर करा, मुलाचं वय बरोबर टाका, आणि जागा वेगळी आली तर चेक-इनच्या खिडकीवर हा नियम सांगा.

शेवटी पुराव्याची गोष्ट, कारण सगळे नियम माहीत असूनही माणूस इथे अडकतो. वय सिद्ध करायला पालक शाळेचं ओळखपत्र पुढे करतात. त्यावर नाव असतं, इयत्ता असते, तुकडी असते, रक्तगट असतो, बसचा क्रमांकही असतो. पुष्कळ शाळांच्या ओळखपत्रावर जन्मतारीख मात्र नसते. सातवीतलं मूल बाराच्या आत की पुढे, हे वाहकाने किंवा खिडकीवरच्या माणसाने कसं ओळखावं? शिक्षण विभागाने पुढच्या वर्षीच्या ओळखपत्रांत जन्मतारखेची एक ओळ घालायला सांगितली तर प्रवासातल्या अर्ध्या कटकटी कमी होतील. तोवर आधार कार्ड डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा, आणि जन्मदाखल्याचा स्वच्छ फोटो आई आणि वडील दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. मुलं एकाबरोबर पुढे आणि फोन दुसऱ्याबरोबर मागे, असं हमखास होतं.

पुरावा मागणाऱ्यांनीही कुठल्या दिवशीचं वय धरणार ते लिहावं: तिकीट काढलं त्या दिवशीचं की प्रवासाच्या दिवशीचं. वाढदिवस सुट्टीतच येतात.

आम्हाला हवा आहे तो एक तक्ता, मराठीत. ठिकाण, मूल कुणाला म्हणायचं (वय वर्षांत किंवा उंची सेंटिमीटरमध्ये), कुठल्या दिवशीचं वय, कुठला पुरावा चालेल, मोठ्यांचे आणि मुलांचे पैसे वाटेतल्या बस-बोटींसह, फरक कसा घेणार किंवा परत देणार, आणि बंद असण्याचा वार. पर्यटन संचालनालयाने तो आपल्या संकेतस्थळावर ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणाने आपली ओळ रांगेच्या तोंडाशी लावावी. खिडकीच्या काचेवर नको. काचेपाशी पोहोचेपर्यंत माणसाने अर्धा तास उभं राहून पैसे हातात काढलेले असतात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि घरातली सहल त्याच दिवशी ठरते. दिवाळीच्या सुट्टीचा तक्ता म्हणून ऑगस्ट संपण्याआधी लागायला हवा.

आपले,
कुटुंबांच्या सहलींचं नियोजन करणारे काहीजण